सोनी आरएक्स१० मार्क ४ : तळ्यावरची फिल्म करताना कसा वाटला

आधीच सांगते, हा कॅमेरा २०१७ सालचा आहे, त्यामुळे ज्यांना बाजारात नवीन काय आलंय तेवढंच बघायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मी तो सेकंडहँड घेतला आणि सध्या त्यावर एका तळ्याची छोटी फिल्म करतेय, चतुर (ड्रॅगनफ्लाय), टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद), एक खंड्या आणि अधूनमधून येणारे बगळे एवढीच पात्रं, निवेदन असलंच तर अगदी थोडं. फिल्म अर्धीमुर्धी झालीये. एडिटला बसले तेव्हा जाणवलं की या कॅमेऱ्याबद्दल फोटोवाल्यांनी भरपूर लिहिलंय पण व्हिडिओसाठी, त्यातही नेचर फिल्मसाठी, मला फारसं काही सापडलं नव्हतं, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

तर माझं मत असं की एकेक सुंदर शॉट पाहिजे असेल तर याच्यापेक्षा चांगले कॅमेरे ढिगाने आहेत, पण एकमेकांना जोडता येतील असे शॉट पाहिजे असतील तर हौशी माणसासाठी हा फार कामाचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या हार्ड डिस्क उघडून बघा, काय असतं? पक्षी फांदीवर, क्लोजअप. दुसरा पक्षी, क्लोजअप. तिसरा, तोही क्लोजअप, मागे सगळं छान धूसर. एकेक बघायला मस्त, पण एडिटमध्ये लावले की तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो कारण तो पक्षी आहे कुठे, पाणी किती लांब, तो बघतोय कशाकडे, काहीच कळत नाही आणि कट मारायला दुसरा शॉटच नसतो. यात लेन्स एकच, न निघणारी, ३५ मिमीच्या हिशोबात २४ ते ६००. म्हणजे लपणात बसल्या जागी आधी अख्खं तळं, मग बोरू आणि त्यावर बसलेला खंड्या, मग नुसतं डोकं, मग तो बघतोय तो पाण्याचा तुकडा, हे सगळं लेन्स न बदलता, आवाज न करता, बॅगेची चेन न उघडता होतं. खंड्या काय तुमची लेन्स बदलून होईपर्यंत थांबणार आहे का? माझ्या आधीच्या सेटअपमध्ये बॉडी वेगळी, लांब झूम वेगळा, पिक्चर क्वालिटी निश्चित वरची होती, पण वाइड शॉट काढायचा कंटाळा यायचा आणि तो कंटाळा फिल्ममध्ये दिसायचा.

दुसरी गोष्ट जी मी घेताना नीट वाचलीच नव्हती आणि आता तीच सगळ्यात जास्त वापरते. ६००ला ही लेन्स ७२ सेंटीमीटरपर्यंत फोकस करते. लांब टेलीला इतक्या जवळ फोकस होणं ही साधी गोष्ट नाही, पुष्कळ मोठ्या झूमना दोन-अडीच मीटरच्या आत काही दिसत नाही. चतुरासाठी मॅक्रो लेन्स लावली तर त्याच्या नाकाजवळ जावं लागतं आणि तो उडतो, इथे हातभर लांब बसून डोळ्याच्या जाळीपर्यंत जाता येतं. चतुरातल्या बऱ्याच जाती फिरून फिरून त्याच काडीवर येऊन बसतात, त्यामुळे काडी निवडायची, फोकस तिथे लावून ठेवायचा आणि बसायचं.

आता स्लो मोशन, ज्याच्यासाठी बरेचजण हा कॅमेरा बघतात. पाल मोडला (PAL, आपल्याकडची २५ फ्रेमची व्हिडिओ पद्धत) सेकंदाला २५०, ५०० आणि १००० फ्रेम मिळतात. आकडे ऐकून हुरळून जाऊ नका, कारण वेग वाढला की सेन्सरचा वाचला जाणारा भाग लहान होत जातो, २५०ला १८२४ बाय १०२६, ५००ला १६७६ बाय ५६६ आणि १०००ला फक्त ११३६ बाय ३८४, तेही क्वालिटी प्रायॉरिटीला (वेळ कमी, दर्जा जास्त) ठेवलं तर. तेच ताणून फुल एचडी करतात. म्हणजे २५० अगदी फिल्ममध्ये लावण्यासारखा, ५०० गरज असेल तर, आणि १००० हा मी फक्त काय होतंय ते समजून घ्यायला वापरते. आणि मुळात वेग कोणत्या प्राण्यासाठी पाहिजे याचा हिशोब करा. चतुराचे पंख सेकंदाला साधारण तीसेक वेळा हलतात, २५०ला एका फडफडीच्या आठ फ्रेम मिळतात, झकास दिसतं. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेच्या वर हलतात, तिथे २५० म्हणजे एका फडफडीला जेमतेम एक फ्रेम, पंख धूसर नाहीतर उगाच थबकल्यासारखे दिसतात, त्यासाठी १०००च लागेल आणि मग क्वालिटी विसरा.

यातलं एंड ट्रिगर मात्र सोन्यासारखं आहे. बटण दाबल्यानंतरचं नाही तर दाबायच्या आधीचे काही सेकंद साठवतं. खंड्याने सूर मारला, तुम्ही दचकलात, मग बटण दाबलंत, तरी सूर आलेला असतो. फक्त स्टँडबायला गेलं की फोकस आणि एक्स्पोजर तिथेच लॉक, झूमही करता येत नाही, आवाज रेकॉर्ड होत नाही आणि एकदा साठवायला लागला की तेवढा वेळ कॅमेरा तुमचं काही ऐकत नाही. चार सेकंद १०००ने घेतले तर २५च्या टाइमलाइनवर १६० सेकंद होतात, तो वेळ जातोच. त्यात हमखास पुढची गंमत घडते, पण त्याला इलाज नाही.

उजेडाचं बोलू. इथे एक गोष्ट खटकते, पहिल्या दोन मॉडेलमध्ये आत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) होता, मार्क ३ पासून काढून टाकला. व्हिडिओवाल्यासाठी हे वाईटच. गणित बघा, २५ फ्रेमला शटर १/५०, आयएसओ १००, कडक ऊन. उन्हाचा जुना नियम (एफ१६ला शटर आयएसओच्या आकड्याएवढं) धरला तर ॲपर्चर एफ२२ पाहिजे, या लेन्सला ते एफ१६च्या पुढे जातच नाही, आणि एवढ्या लहान सेन्सरवर एफ८च्या पुढे गेलात की डिफ्रॅक्शनने चित्र मऊ पडायला लागतं. एफ४ ठेवायचं तर पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कापावे लागतात, म्हणजे एनडी ३२. एस-लॉग (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं रेकॉर्ड करणारं प्रोफाइल) वापरणार असाल तर त्यात किमान आयएसओच बराच वर असतो, म्हणजे आणखी गडद काच. पुढे धागा ७२ मिमीचा आहे. माझा सल्ला, साधे फिक्स एनडी दोन घ्या, व्हेरिएबल घेऊ नका. व्हेरिएबल म्हणजे आत दोन पोलरायझर, वाइडला गडद केलं की आकाशात फुली उमटते आणि ६००ला बरेच व्हेरिएबल शार्पनेस खातात, मग लोक म्हणतात लेन्स मऊ आहे. एस-लॉगबद्दलही सांगून टाकते, हे सगळं ८ बिट आहे, म्हणजे रंगांच्या छटा मोजक्याच, पहाटेचं धुकं किंवा एकसारखं आकाश ग्रेड करताना ताणलं की पट्टे पडतात. मी साध्या प्रोफाइलवर कॉन्ट्रास्ट थोडा खाली करून शूट करते आणि सुखी आहे.

संध्याकाळी काय? सेन्सर एक इंची, १३.२ बाय ८.८ मिमी, क्षेत्रफळात फुल फ्रेमच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. ॲपर्चर २४ला २.४ असलं तरी १००च्या आसपास ४ होऊन जातं, पुढे ६००पर्यंत मात्र ४च राहतं, ही त्यातली जमेची बाजू. सूर्य मावळला की मी १६००च्या वर जात नाही, ३२०० फारच अडलं तर. घुबड, वटवाघळं, रातवा असले विषय असतील तर हा कॅमेरा घेऊ नका, सरळ सांगते. धूसर पार्श्वभूमीसुद्धा फुल फ्रेमसारखी येणार नाही, पण मला ते आवडायला लागलंय, कारण चतुर सबंध फोकसमध्ये राहतो आणि मागे बोरू आहे का कमळ आहे हे कळतं. तळ्याच्या फिल्ममध्ये तळं दिसलं पाहिजे की नाही?

फोकस. २०१७च्या मानाने व्हिडिओतला ऑटोफोकस चांगला आहे, सेन्सरवर फेज डिटेक्शनचे ३१५ पॉइंट आहेत, उडता बगळा मोकळ्या आकाशात असेल तर धरून ठेवतो. बोरूच्या आत बसलेला पक्षी असेल तर मात्र पुढची काडी पकडणार म्हणजे पकडणार, कुठलाही कॅमेरा पकडतो. लेन्सवर फोकस रेंजचा स्विच आहे, तो ३ मीटर ते अनंत असा लावला की जवळच्या काड्यांमागे धावणं बंद होतं (क्लोजअपला बसताना परत फिरवायचा, नाहीतर फोकस का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल). लेन्सवरच फोकस होल्डचं बटण आहे, तेही अंगठ्याला सापडतं. मी अर्ध्याहून जास्त शॉट मॅन्युअलवर पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावून घेते. रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, जोरात फिरवली तर वेगळं आणि हळू फिरवली तर वेगळं वागते, त्यामुळे खूण करून फोकस ओढायचा विचार सोडा. ॲपर्चर रिंगचा टकटक आवाज मात्र स्विचने बंद करता येतो, व्हिडिओवाल्याचा विचार केलाय तिथे.

ट्रायपॉडच्या हेडबद्दल जरा लांबण लावते कारण यात पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. कॅमेरा बॅटरीसकट १.१ किलो. लोक म्हणतात फ्लुइड हेड (पॅन-टिल्ट गुळगुळीत करणारं व्हिडिओचं हेड) घ्या, दणकट घ्या, आणि आपण जाऊन मोठं हेड आणतो. त्या मोठ्या हेडचं काउंटरबॅलन्स, म्हणजे टिल्ट केलेला कॅमेरा पडू नये म्हणून उलटा जोर लावणारी स्प्रिंग, ठरलेल्या वजनासाठी असतं, समजा तीन-चार किलो, आणि त्यावर हा हलका कॅमेरा ठेवला की टिल्ट करून हात सोडल्या सोडल्या तो स्प्रिंगसारखा परत वर येतो. खंड्या पाण्याकडे वाकला म्हणून तुम्ही खाली आलात आणि हेड तुम्हाला वर ढकलतंय. त्यापेक्षा काउंटरबॅलन्स बंद करता येणारं किंवा कमी वजनापासून सुरू होणारं छोटं हेड बघा. माझ्याकडच्या हेडचं नाव घेत नाही, पण थंडीत पहाटे त्याचं ग्रीस इतकं घट्ट होतं की पॅन धक्क्याने सुरू होतो. त्याला जुनी युक्ती आहे, दांड्याला रबरबँड अडकवायचा आणि दांडा हाताने न ओढता रबर ओढायचा, सुरुवातीचा झटका रबर गिळतो. दुसरी गोष्ट, झूम केला की नळी बाहेर येते आणि वजन पुढे सरकतं, २४ला साधलेला बॅलन्स ६००ला बिघडतो. लांब प्लेट घ्या आणि जिथे जास्त काम आहे त्या फोकल लेंथला बॅलन्स करा. स्टेबिलायझर चांगला आहे, पण ६००ला हातात धरून फिल्म होत नाही, कितीही सांगोत कुणी.

आवाज. मायक्रोफोन आणि हेडफोन दोन्हीचे जॅक आहेत, छानच, पण मी ते फार वापरत नाही. पक्षी तीस मीटरवर आणि माइक तुमच्या नाकासमोर, त्यात येतं काय तर तुमची बाही, डास आणि झूमची मोटर. मी वेगळा रेकॉर्डर पाण्याकाठी ठेवून देते, केसाळ विंडशील्ड चढवून, आणि लांब जाऊन बसते. ३२ बिट फ्लोटवाला रेकॉर्डर असेल तर लेव्हलची चिंता नाही, बगळा अचानक कानाशी ओरडला तरी फाटत नाही. शूटिंग झालं की कुणी काही न बोलता तळ्याचा नुसता आवाज दोन-तीन मिनिटं घेऊन ठेवा, एडिटमध्ये सगळे कट त्याच्यावरच उभे राहतात.

बारीकसारीक. ४केला १०० एमबीपीएस, म्हणजे तासाला ४५ जीबी, कार्ड यू३ (जलद लिहिणारं) घ्या. एकावेळी २९ मिनिटांच्या वर रेकॉर्ड होत नाही, आपल्याला एवढा सलग शॉट लागतोच कुठे, पण चतुर जुनी कात फोडून बाहेर येताना सलग घ्यायचा असेल तर घड्याळ लावून बसा. बॅटरी लहान आहे, दोन-तीन जवळ पाहिजेतच, पॉवरबँकेवर चालतो पण पोर्ट मायक्रो यूएसबी, सैल झालाय का ते घेतानाच बघा. स्क्रीन वर-खाली वाकते, बाजूला फिरत नाही. धूळ आणि ओलाव्यापासून काही प्रमाणात संरक्षण आहे पण पावसात उघडा ठेवायच्या लायकीचा नाही, कव्हर घाला.

सेकंडहँड बघत असाल तर झूम पूर्ण बाहेर काढून नळी हलवून बघा, किती डुगडुगते ते. मग एफ१६ला कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून काळे ठिपके शोधा. लेन्स निघत नाही, म्हणजे आत धूळ गेली तर घरी साफ करता येणार नाही, सर्व्हिस सेंटरलाच द्यावा लागेल. शेवटी २४ पासून ६००पर्यंत झूम करत एक व्हिडिओ घ्या आणि हेडफोन लावून मोटरचा आवाज ऐका, मध्येच खरखर आली तर दुसरा बघा.