नेरूळच्या कॅफेत 1970 ची ब्राझील, अख्खी मॅच, पॉज करून करून

नेरूळ स्टेशनवरून चालत जाता येईल असा एक छोटा कॅफे आहे, शनिवारी संध्याकाळी तिथे जुन्या फुटबॉल मॅचेस लावतात, आणि नुसत्या लावत नाहीत तर मधे मधे पॉज करून मॅग्नेटच्या बोर्डवर समजावतात. 300 रुपये तिकीट, त्यात एक कॉफी. मी 1970 वर्ल्ड कपच्या फायनलला गेलो, ब्राझील 4 इटली 1. पैसे पूर्ण वसूल.

हायलाइट्स नाही दाखवत हे सगळ्यात भारी. ब्राझीलच्या कार्लोस आल्बर्तोचा चौथा गोल आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलाय, पण 86 व्या मिनिटाच्या त्या गोलची तयारी सुरुवातीपासून चालली होती हे पूर्ण मॅच बघितल्याशिवाय कळतच नाही. इटलीचं मॅन मार्किंग होतं, म्हणजे प्रत्येकाने समोरच्या एकेका खेळाडूला धरून राहायचं, त्यांचा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) फाकेत्ती ब्राझीलचा विंगर झाइर्झिन्योला सोडतच नव्हता, आणि ब्राझीलचा कोच झागालोने नेमका त्याचाच फायदा घेतला. झाइर्झिन्यो उजवी विंग सोडून सारखा आत यायचा, फाकेत्ती पण त्याच्या मागे आत, मग उजवीकडे रान मोकळं, तिथून राईट बॅक कार्लोस आल्बर्तो वर. शेवटच्या गोलला तर झाइर्झिन्यो पार डावीकडे गेलेला, फाकेत्ती तिथेही हजर. बॉल पेलेकडे आला, त्याने शांतपणे उजवीकडे सोडला, तिकडे अडवायला कुणीच नाही. समजावणाऱ्या दादाने हे मॅग्नेट सरकवत दाखवलं तेव्हा बाजूच्या टेबलवरची शाळेतली पोरं उठून बोर्डापाशी गेली, इतकं छान सांगितलं त्याने.

लाइनअपवर अजून वेळ द्यायला हवा होता असं मात्र वाटलं. बोर्डवर ब्राझीलचं 4-2-4 (मागे चार, मधे दोन, पुढे चार) लावलं आणि पुढे गेले. कागदावर ठीक आहे, पण मॅच बघताना रिव्हेलिनो डावीकडून सारखा आत येतो, टोस्टाव स्ट्रायकर असून खाली उतरून बॉल घेतो, जेर्सन मागून लांब पास टाकतो, म्हणजे आजच्या भाषेत ते 4-2-3-1 च्या जास्त जवळचं. आणि मागे पियाझा, जो मुळात मिडफिल्डर, त्याला सेंटर बॅक (मधला बचावपटू) केलेलं, त्यामुळे मागूनच पास नीट निघायचा. लेफ्ट बॅक एव्हेराल्डो बहुतेक मागेच थांबायचा म्हणून कार्लोस आल्बर्तोला पुढे जायची मुभा, ह्या एव्हेराल्डोचं नावही कुणी घेत नाही, इथेही फक्त एकदा घेतलं गेलं. एवढ्या सगळ्या प्लेमेकरना (गोलच्या संधी तयार करणाऱ्यांना) एकत्र खेळवायचं धाडस झागालोने केलं, तेही वर्ल्ड कपच्या जेमतेम तीन महिने आधी टीम हातात आली असताना!

ब्राझीलचा मिडफिल्डर क्लोडोआल्डोचा भाग मात्र अप्रतिम घेतला. 37 व्या मिनिटाला त्याच्याच बॅकहीलच्या (टाचेने मागे दिलेल्या पासच्या) चुकीवरून इटलीच्या बोनिनसेन्याने 1-1 केलं, वय अवघं 20, दुसरा कुणी असता तर नंतर साधे पासच दिले असते, पण चौथ्या गोलच्या मूव्हमध्ये हाच पोरगा आपल्या हाफमध्ये चार इटालियन्सना चकवून बाहेर पडतो. दादाने दोन्ही क्लिप पाठोपाठ लावल्या, माझ्या अंगावर काटा आला. इटली सेमीला एक्स्ट्रा टाइम खेळून आलेली आणि मॅच झाली त्या मेक्सिको सिटीची उंची 2,200 मीटरच्या वर, त्यामुळे शेवटी त्यांचे पाय जड झाले होते हेही त्याने आवर्जून सांगितलं, ते आवडलं.

बाकी, स्क्रीन मोठी आहे पण खांबामागच्या दोन टेबलांवरून डावा कोपरा दिसत नाही, तिथे बसू नका. फ्राइज थंड आल्या, कॉफी चांगली. गाडी आणू नका, पार्किंगची बोंब आहे, ट्रेननेच या. पुढे 1974 ची हॉलंड-पश्चिम जर्मनी फायनल लावणार आहेत, सीट फोन करून आधी धरावी लागते.