अर्धा टनी आर्बर प्रेस: मॉडेल रेल्वेच्या दुरुस्तीत आठ महिने

नखाएवढा गिअर बसवायला अर्ध्या टनाच्या जोराचा आर्बर प्रेस (हाताने दांडा ओढून वस्तू दाबून बसवायचं यंत्र) कशाला, असं घरात विचारलं गेलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. एवढा जोर लागत नाहीच. लागतो तो सरळ खाली येणारा रॅम, म्हणजे दाबणारा उभा खांब, आणि तो या जातीतल्या सगळ्यात लहान प्रेसमध्येही मिळतो. एक टनी घेऊ नका. त्याचा दांडाच इतका जड असतो की खाली नाजूक काम चाललंय याचा हाताला पत्ता लागत नाही.

याआधी मी सगळं व्हाइसच्या दोन जबड्यांत दाबायचो. चाक बसायचं, पण किंचित तिरकं, आणि मग डबा रुळावर लंगडायचा.

प्रेस आला तेव्हा रॅम चक्क हलत होता. बाजूच्या पट्टीचे स्क्रू थोडे थोडे आवळून, ग्रीस लावून तो ताळ्यावर आणला. टोकाला गुण्या लावला तर तेही वाकडं. ते लेथवर सपाट करून घेतलं आणि मधोमध 3 मिमीचं भोक पाडून घेतलं. त्यात बसणाऱ्या पिना मी मोडक्या ड्रिलच्या मागच्या दांडीपासून करतो, त्यांना पितळी बुश चढवून. 2 मिमीचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) ढकलायला 1.9ची पिन, दीडच्यासाठी 1.4ची. पिन जेमतेम लागेल तेवढीच बाहेर ठेवायची आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, बारीक पिन तुटली तर उडते.

सगळ्यात जास्त काम पडतं ते तडकलेल्या गिअरचं. इंजिन चाकाच्या दर फेऱ्याला टक् करतं आणि मोटर चांगली असूनही अडखळतं. भिंगाखाली पाहिलं की दोन दातांच्या मध्ये केसासारखी चीर दिसते. तिथली फट रुंदावते आणि पुढचा दात तिथे अडतो. नवा गिअर बसवताना आधी अ‍ॅक्सलच्या टोकाची धार कानशीने मोडतो, मग दांडा बोटांनी खाली आणतो. विरोध हळूहळू वाढत गेला तर ठीक. एकदम घट्ट झाला तर अ‍ॅक्सल तिरका घुसतोय. मध्येच हलका पडला तर थांबा, नवा गिअरही बहुधा गेला. व्हाइसच्या मुठीतून हे कधीच कळलं नव्हतं.

दोन रुळांमध्ये 16.5 मिमी अंतर असेल तर दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर मी 14.4च्या आसपास ठेवतो. शेवटचा अर्धा मिलिमीटर कॅलिपर हातात धरूनच. जास्त दाबलं गेलं तर परत उलटं दाबावं लागतं, आणि दर खेपेला भोक सैल होत जातं.

पहिल्याच महिन्यात एक चाक मी वाया घालवलं. काढताना त्याला कडेवर टेकवलं होतं. चाक आणि अ‍ॅक्सल यांच्यात प्लॅस्टिकचं इन्सुलेशन असतं, तेच सरकलं. पुन्हा जोडून रुळावर ठेवताच कंट्रोलर शॉर्ट दाखवू लागला. तेव्हापासून खाली खाच कापलेली पितळी पट्टी ठेवतो, म्हणजे आधार फक्त चाकाच्या मधल्या भागाला मिळतो.

वाफेच्या इंजिनासाठी घेणार असाल तर अपेक्षा आवरा. मोठ्या चाकांच्या क्रँकपिना (चाकं फिरवणाऱ्या दांड्या जिथे जोडतात त्या खुंट्या) दोन्ही बाजूंना एकमेकींशी 90 अंशांत राहाव्या लागतात, आणि प्रेसला त्या कोनाचं काही देणंघेणं नाही. कोन धरून ठेवणारा वेगळा जिग, म्हणजे साचा, लागतोच. माझा घरगुती जिग दोनदा फसला, त्यावर बोलायला अजून तोंड नाही. मोटरच्या शाफ्टवरचा वर्म (स्क्रूसारखा गिअर) काढायलाही मी ओढून काढणारा छोटा पुलरच वापरतो, मोटर प्रेसखाली धरायला जागाच नीट मिळत नाही.

एक कुरकुर उरलीय. प्रेसच्या तळाची, काम ठेवायची ऐरणीची चकती बिडाची आहे, दमट हवेत चार दिवसांत तांबडी पडते. म्हणून तेलाचं फडकं फिरवतो. मग तेच तेल चाकांना लागतं, तिथून रुळावर जातं, आणि इंजिन चढावर घसरायला लागतं. आता प्रत्येक जोडी प्रेसवरून उतरली की आधी स्पिरिटने पुसतो.