अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठीची सशुल्क ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’: सांगलीतून एक परीक्षण

अकरावी-बारावीच्या मुलांना घरबसल्या इंटर्नशिप मिळवून देतो, असे सांगून शुल्क घेणाऱ्या सेवांच्या जाहिराती सांगलीतल्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर आता सतत येऊ लागल्या आहेत. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. माझ्या वर्गातील काही मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुटीसाठी अशी एक सेवा घेतली होती. ती पूर्ण झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी चित्रफिती, स्वाध्याय, त्यांवर आलेले शेरे आणि शेवटचे प्रमाणपत्र असे सगळे साहित्य मला पाहायला दिले, आणि हे परीक्षण त्यावरच आधारलेले आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण याच प्रकारच्या इतर सेवांची माहितीपत्रके वाचल्यावर नाव आणि रंगसंगती सोडली तर त्यांत फारसा फरक आढळला नाही. पालकांना हा साचा ओळखता यावा, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

शुल्क ३,५०० रुपये आणि मुदत चार आठवडे. पैसे भरल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘ऑफर लेटर’ येते आणि त्यात विद्यार्थ्याला ‘फायनान्स अँड मार्केटिंग इंटर्न’ असे पद दिलेले असते. त्याआधी मुलाखत होत नाही, अर्ज मागवला जात नाही, इतकेच नव्हे तर विद्यार्थ्याला काय येते आणि काय शिकायचे आहे हेही कोणी विचारत नाही. ज्या कंपनीत ही इंटर्नशिप व्हायची ती कंपनी म्हणजे शुल्क घेणारी संस्था स्वतःच असते, ही गोष्ट माहितीपत्रकात अशा बारीक अक्षरांत आहे की ती माझ्याही नजरेतून सहज सुटली असती. काम देणारा कामासाठी पैसे देतो किंवा निदान फुकट शिकवतो; इथे काम करू पाहणाऱ्यानेच पैसे मोजायचे असतात. म्हणून ही नोंदणी इंटर्नशिपची नसून एका छोट्या अभ्यासक्रमाची आहे, हे पालकांनी पैसे भरण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

अभ्यासक्रम म्हणून पाहिले तर त्यात काही चांगले आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. एक्सेलवरच्या चित्रफिती सुबोध आहेत. बेरजेच्या सूत्रापासून माहितीची चाळणी लावण्यापर्यंतचा भाग नीट क्रमाने घेतला आहे आणि उदाहरणेही अकरावीच्या मुलाला कळतील अशी आहेत. मात्र निवेदन हिंदी-इंग्रजी मिश्रित आहे आणि शंका विचारण्यासाठी जो व्हॉट्सअॅप गट केला आहे, त्यात शंकांपेक्षा पुढच्या तुकडीच्या जाहिरातीच जास्त आहेत. याच तोडीचे शिक्षण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात विनामूल्य मिळते. तिथे एक्सेलसारख्याच लिबरऑफिस कॅल्क या मोफत प्रणालीचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत आणि कॅल्क आले की एक्सेल अडत नाही.

माझी खरी तक्रार स्वाध्यायांबद्दल आहे. पहिल्या आठवड्याचा स्वाध्याय होता, एका काल्पनिक दुकानाच्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता करणे. माझ्या एका विद्यार्थ्याने तो मन लावून केला होता: भाडे, वीज, पगार, माल आणि वाहतूक असे सगळे रकाने भरलेले, शिवाय वीजबिल उन्हाळ्यात का वाढले याची टीपही जोडलेली. दुसऱ्याने वेळेअभावी फक्त रकान्यांची शीर्षके टाकून फाइल पाठवली होती. दोघांना आलेला शेरा अक्षरशः सारखा होता, काम उत्कृष्ट असल्याचा, आणि तो फाइल चढवल्याच्या पुढच्याच मिनिटाला आलेला होता. ती फाइल कोणी उघडलीच नव्हती, हे मुलांना माझ्या आधी कळले होते. ज्याने मेहनत केली होती त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह हे सांगताना पूर्ण मावळला होता, आणि शिक्षक म्हणून मला या सेवेचा सर्वांत मोठा दोष तोच वाटतो. सोळा वर्षांच्या मुलाला आपले काम कोणी वाचत नाही हे शिकवण्यासाठी त्याच्या वडिलांकडून पैसे घेणे मला अक्षम्य वाटते. तिसऱ्या आठवड्याचे ‘मार्केटिंग टास्क’ तर संस्थेचीच भित्तिपत्रके तयार करून ती स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकण्याचे आणि मित्रांना नोंदणी करायला लावण्याचे होते. म्हणजे शुल्क भरून मुलांनी संस्थेचा प्रचार केला.

प्रमाणपत्र देखणे आहे आणि त्यावर क्यूआर कोडही आहे. तो कोड संस्थेच्याच पानावर जातो, त्यामुळे विद्यार्थ्याने काय केले याचा काहीच पुरावा त्यातून मिळत नाही. शिफारसपत्र हवे असल्यास वेगळे पैसे भरावे लागतात. या कागदामुळे पुढचे प्रवेश सोपे होतील, असे जाहिरातीत सुचवले आहे. परंतु अभियांत्रिकीचा प्रवेश एमएचटी-सीईटीवर आणि वैद्यकीयचा नीटवर ठरतो आणि त्या गुणवत्ता यादीत इंटर्नशिपचा रकानाच नसतो. सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्या मुलांनाही हे स्पष्ट सांगायला हवे की सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालचे सक्तीचे प्रशिक्षण, ही वेगळी गोष्ट आहे. ती इंटरमिजिएट परीक्षेनंतर सुरू होते, २०२३ च्या नव्या योजनेनुसार दोन वर्षांची असते, आणि अकरावीतल्या कोणत्याही प्रमाणपत्राने ती एका दिवसानेही कमी होत नाही.

नोंदणीच्या वेळी आधार कार्डाची प्रत मागितली जाते, यावरही माझा आक्षेप आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती अपेक्षित धरतो. इथे संमतीच्या चौकटीवर टिचकी विद्यार्थ्यानेच मारायची होती.

एवढे दोष असूनही पालक पैसे का भरतात, याचे कारण मला समजते. या वयाच्या मुलांसाठी बाकीची दारे खरोखरच बंद आहेत. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये आली ती २१ ते २४ वयोगटासाठी. त्याच वर्षी राज्य सरकारने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्ण उमेदवाराला महिना ६,००० रुपये विद्यावेतन ठरले, पण वयाची अट किमान १८ वर्षांची. इंटर्नशिपच्या मोठ्या संकेतस्थळांवरील जाहिराती बहुतांशी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. शालेय मुलांना अंतराळविज्ञानाची ओळख करून देणारा इस्रोचा ‘युविका’ हा उपक्रम उत्तम आहे, निवासासह पूर्ण विनामूल्य आहे आणि त्याच्या निवडीत ग्रामीण भागातील शाळांना विशेष गुणही मिळतात, पण तो नववीच्या मुलांसाठी आहे आणि त्याची नोंदणी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच संपते. नववीत मूल असलेल्या प्रत्येक पालकाने त्याची चौकशी करावी, असे मी आवर्जून सांगते. अकरावीत आल्यावर ते कळून उपयोग नसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे आणि अशीच संधी बारावीपर्यंत सुटीच्या काळातही देता येईल, असे पुढे म्हटले आहे. या वाक्याचा आधार घेऊन आम्ही काही विद्यार्थ्यांसाठी गावातच जागा शोधल्या. त्यांपैकी मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानाचा (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीचा) अनुभव सविस्तर सांगते, कारण सशुल्क सेवेची खरी तुलना त्याच्याशीच होते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आमच्या मुलांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून माहीत असते. सौदे कसे होतात हे मात्र यार्डापासून हाकेच्या अंतरावर राहूनही बहुतेकांनी पाहिलेले नसते. या दुकानात गेलेली विद्यार्थिनी मिरज तालुक्यातल्या हळद पिकवणाऱ्या घरातली आहे. वडिलांनी विक्रीनंतर घरी आणलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, तिने लहानपणापासून पाहिली होती, पण ती पट्टी कशी तयार होते हे तिला ठाऊक नव्हते. पहिल्या दिवसांत तिचे काम इतकेच होते की सौद्याच्या वेळी दुकानाचे हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या शेजारी उभे राहून शेतकऱ्याचे नाव, पोत्यांची संख्या आणि पुकारलेला भाव वहीत उतरवायचा. खरेदीदार ढिगातले हळकुंड उचलून मधोमध मोडतो आणि आतला रंग पाहून बोली वाढवतो किंवा पुढे सरकतो. हळकुंड (लांबट बोटे), गड्डा (मधला गोल कंद) आणि कणी (तुकडे) यांचे भाव वेगवेगळे निघतात. हे सगळे इतक्या वेगाने चालते की सुरुवातीला तिच्या वहीत निम्म्या नोंदी अर्धवट होत्या. संध्याकाळी दिवाणजी आपली वही तिच्या वहीशेजारी ठेवून एकेक नोंद जुळवून घेत.

दुसऱ्या आठवड्यात तिला कच्ची पट्टी करायला दिली. तिने भरलेल्या पोत्यांचे वजन तसेच धरून भावाने गुणले. दिवाणजींनी त्या आकड्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढले आणि कागद परत दिला. चूक कोणती ते सांगितले नाही. बारदानाचे, म्हणजे रिकाम्या पोत्यांचे, वजन वजा करायचे राहिले आहे, हे तिला बऱ्याच वेळाने सापडले. मी भेटायला गेले तेव्हा अडत्या काका तिला म्हणत होते, “पोरी, पट्टीतला आकडा चुकला तर शेतकरी भांडत बसत नाही, पुढच्या वर्षी माल दुसरीकडं टाकतो.” पुस्तपालनाच्या माझ्या तासाला एकूण वजन, निव्वळ वजन, अडत, हमाली, तोलाई हे शब्द गणितात येतात आणि जातात, पण या मुलीने त्यानंतर वर्गात विचारलेले प्रश्न, विशेषतः कोणता खर्च कोणाच्या खात्यावर आणि का, हे बारावीच्या पुस्तकाच्याही पुढचे होते. तिला प्रमाणपत्र मिळाले नाही. दुकानाच्या नावाच्या कागदावर मराठीत लिहिलेले एक साधे पत्र मिळाले, त्यात तिने केलेली कामे लिहिली आहेत आणि खाली सही करणाऱ्याला फोन करून खात्री करता येते.

सगळीकडे असेच स्वागत झाले, असे नाही. मिरजेतल्या एका रुग्णालयाने रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचे कारण देऊन नकार दिला आणि तो योग्यच होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकामाच्या कारखान्याने वय विचारले आणि विषय तिथेच संपवला. तेही बरोबरच आहे, कारण १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. इतर कामांतही वेळेची मर्यादा आहे: सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही आणि संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत काम नाही. अडत दुकानात आम्ही हे नियम लेखी दिले होते आणि ते पाळले गेले. एका कर सल्लागाराच्या कार्यालयात गेलेल्या मुलाला मात्र बराच काळ चहा आणि झेरॉक्स यांपलीकडे काही मिळाले नाही. आम्ही बोलल्यावर त्याला पावत्या महिन्यानुसार लावण्याचे काम देण्यात आले. म्हणजे स्थानिक जागा आपोआप चांगली ठरत नाही, शिक्षकाने किंवा पालकाने मधून चक्कर मारावी लागते.

जागा मिळवण्यासाठी आम्ही एका पानाचे पत्र वापरले. विद्यार्थी कोणत्या वर्गात आहे, कोणत्या तारखेपासून किती आठवडे येईल, रोज कोणत्या वेळेत येईल, त्याला काय शिकायचे आहे आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, एवढेच त्यात होते; पालक आणि महाविद्यालय या दोघांच्या सह्या होत्या. हे पत्र विद्यार्थ्याने स्वतः नेऊन द्यावे, वडिलांनी ओळखीने फोन करू नये, असा आमचा आग्रह होता, आणि त्यामुळे काही नकार पदरी पडले तरी मुले पुढच्या दारात अधिक नीट बोलली. विद्यावेतनाची अपेक्षा आम्ही ठेवली नव्हती. तरीही बसभाडे आणि दुपारचे खाणे यांचा खर्च काम देणाऱ्याने उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण अन्यथा रोज तासगाव किंवा कवठेमहांकाळहून येणाऱ्या मुलांना ही संधी परवडत नाही आणि ती फक्त सांगली शहरातल्या विश्रामबागेतल्या मुलांची राहते.

सशुल्क सेवेला मी पाचपैकी एक गुण देते, आणि तो एक्सेलच्या चित्रफितींसाठी आहे. ज्यांना तरीही नोंदणी करायची असेल त्यांनी आधी संस्थेला लेखी विचारावे की स्वाध्याय कोण तपासणार, काम नक्की कोणत्या कंपनीसाठी होणार आणि शुल्क परत मिळण्याची मुदत किती. ज्यांनी शुल्क भरले आहे आणि जाहिरातीतले आश्वासन पाळले गेलेले नाही, त्यांनी पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचे आणि गटातील संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, संस्थेला परताव्यासाठी ईमेल करावा आणि उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्याने ही तक्रार पालकांनी स्वतःच्या नावाने करावी.