कुबट वासावर कंडिशनर, व्हिनेगर, सोडा की पंखा?

श्रावण तोंडावर आला की आमच्या ठाण्याच्या वन-बीएचकेत दोन दोऱ्या, एक स्टँड आणि तीन खुर्च्यांच्या पाठी कपड्यांनी भरलेल्या असतात. कपडे धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले. तरी टीशर्ट अंगात चढवून दहा मिनिटं झाली, जरा घाम फुटला, की त्याला ओल्या फडक्याचा वास सुटतो. यावर दुकानातला मुलगा, शेजारच्या काकू आणि मोबाईल यांनी मिळून जे जे सुचवलं, त्यातलं बहुतेक मी गेल्या तीन-चार पावसाळ्यांत वापरून पाहिलं. महिन्याला दोन-तीनशे रुपयांच्या वर जायचं नसेल तर पैसे कशावर घालावेत, याचा हा हिशेब.

आधी वास येतो कुठून ते बघू, कारण त्यावरच सगळी निवड ठरते. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी घरी धुतलेल्या कपड्यांमधला हा वास शोधत शोधत एका जिवाणूपर्यंत माग काढला. त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कपड्यात उरलेलं अंगाचं तेल आणि घाम यांवर तो जगतो आणि वासाचं एक आम्ल मागे सोडतो. हा प्राणी चिवट आहे. कोरडेपणा सोसतो, अतिनील किरणंही बऱ्यापैकी सोसतो. त्यामुळे अर्धा तास ऊन दाखवलं की काम झालं, असं होत नाही. वाळल्यावर तो गप्प बसतो आणि घामाने कपडा ओलावला की पुन्हा कामाला लागतो. म्हणून कुठल्याही उपायाला मी दोनच प्रश्न विचारते: हा त्याचं खाणं काढतो का? आणि कपडा ओला राहण्याचे तास कमी करतो का?

कंडिशनर आणि धुण्याचा सोडा

कंडिशनर यातलं काहीच करत नाही. तो धाग्यांवर एक मऊ, सुवासिक थर बसवतो. साडी, कुर्ते, इस्त्रीचे शर्ट यांना तो छान. पण टॉवेलला लावला की त्याच थरामुळे टॉवेल पाणी शोषत नाही, पाणी अंगावरच फिरत राहतं. शिवाय जुना वास जात नाही. गुलाबाच्या आडून कुबट असा एक तिसराच वास तयार होतो, तो मला तरी नुसत्या कुबटापेक्षा वाईट वाटतो. मी घेत असे ती बाटली दोनशेच्या वर जायची आणि मशीनच्या वीसेक खेपांत संपायची, म्हणजे खेपेला दहा-अकरा रुपये. तरीही वापरायचाच असेल तर शेवटच्या पाण्यात. साबणाबरोबर घातला तर दोघं एकमेकांचं काम बिघडवतात.

धुण्याचा सोडा याच्या अगदी उलट. वास छान करत नाही, पण तेलकटपणा सोडवतो आणि जड पाणी मऊ करतो, त्यामुळे साबणही नीट काम करतो. भरल्या खेपेला दोन मोठे चमचे पुरतात, खर्च दोन-तीन रुपये. खाण्याचा सोडा त्याचा सौम्य भाऊ. कपड्यावर त्याचा फरक मला जेमतेम जाणवला, आणि तो महागही पडतो. वाण्याकडे मागताना 'धुण्याचा' हा शब्द जोर देऊन म्हणा, नाहीतर हातात ढोकळ्याची पुडी येते.

सोड्याची पथ्यं मात्र आहेत. रेशीम आणि लोकर यांना तो लावायचा नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात त्याचं पाणी उकळायचं नाही, भांडं काळवंडतं आणि झिजतं. हाताने धुणार असाल तर हातमोजे घाला. आणि तुमच्याकडे साधी धुण्याची पावडर वापरात असेल तर तिच्यात बहुधा सोडा असतोच, वरून घालायची गरज कमी. फरक जास्त दिसतो तो लिक्विड वापरणाऱ्यांना. लिक्विड गार पाण्यात पटकन विरघळतं, कपड्यावर पांढरे डाग ठेवत नाही, पण टॉवेल, पायपुसणी, व्यायामाचे कपडे यांच्यासाठी मी अजून पावडरच वापरते.

सोड्याला खरी धार येते गरम पाण्याने. आठवड्यातून एकदा टॉवेल, बनियन आणि उशांचे अभ्रे ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात सोडा घालून अर्धा तास भिजवायचे. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सहा दशांश युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी सहा रुपये झाले. पक्क्या रंगाचे आणि सुती कपडेच यात घाला. माझी एक लाल ओढणी यात गेली, तेव्हापासून घरातले दोन पंचे गुलाबी आहेत.

व्हिनेगर की जंतुनाशक लिक्विड

व्हिनेगरचं कौतुक जरा जास्तच होतं. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी घातलं तर कपड्यात अडकलेला साबण आणि क्षार सुटतात, टॉवेल पुन्हा पाणी शोषू लागतात. तेवढ्यापुरतं ते चांगलं आणि स्वस्त. पण बादलीभर पाण्यात इतकं पातळ झालेलं व्हिनेगर जिवाणू मारेल अशी अपेक्षा ठेवू नका. दर खेपेला घातलं तर मशीनच्या रबराला ते मानवत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून फेस दाखवणारे व्हिडिओ बघायला मजा येते, पण त्या फेसात दोघंही एकमेकांना मारून मोकळे होतात, मागे उरतं जवळपास साधं पाणी. आणि एक गोष्ट खरोखर धोक्याची: पांढऱ्या कपड्यांचं क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र आणू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

कपड्यांसाठी मिळणारं जंतुनाशक लिक्विड जिवाणूंवर थेट काम करतं, हे मान्य करायला हवं. फक्त ते साबण निघून गेल्यावरच्या पाण्यात घालायचं आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं कपडे त्यात खरोखर बुडवून ठेवायचे. बुडवून लगेच पिळले तर पैसे वाया. घरात कुणी आजारी असेल, तान्हं बाळ असेल किंवा गरम पाणी चालत नाही असे व्यायामाचे कपडे असतील तर मी हे घेईन. रोजच्या धुण्याला हा खर्च मला पटत नाही.

पिळणं, पंखा आणि ड्रायर

जुलैत मुंबई-ठाण्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, कोकणात आणि गोव्यातही तेच. हवाच ओली म्हटल्यावर कपड्यातलं पाणी जाणार कुठे? म्हणून दोरीवर जाण्याआधीच ते जितकं काढता येईल तितकं काढायचं. ५ किलो सुती कपडे मशीनमध्ये मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर त्यांत साधारण पावणेचार लिटर पाणी उरतं, १२०० फेऱ्यांवर तीनच्या आसपास. मधलं पाऊण लिटर एरवी तुमच्या खोलीच्या हवेत आणि भिंतींत जातं. मशीनचा वेग वाढवता येत नसेल तर पिळण्याची खेप दोनदा लावा. विजेचा खर्च नगण्य आहे. हाताने धुणाऱ्यांनी पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा एकदा पिळावा.

मग पंखा. ७५ वॅटचा छताचा पंखा सहा तास चालला की अर्ध्या युनिटहूनही कमी, म्हणजे साडेचार रुपये. नव्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याला त्याच्या निम्म्याहून कमी. दारं-खिडक्या गच्च बंद करून पंखा लावू नका, तीच ओली हवा फिरत राहते. एक खिडकी किलकिली ठेवा. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. जीन्स उलटी करून कमरेपाशी उघडी ठेवून टांगा. दोरी भरली म्हणून कपड्यावर कपडा टाकायचा मोह होतो, पण वासाचा उगम नेमका तिथेच असतो. त्यापेक्षा आज निम्मे धुवा, निम्मे उद्या.

ड्रायर घ्यावा का? चारपेक्षा जास्त माणसं, बाल्कनी नाही आणि रोज गणवेश लागतात, असं घर असेल तर विचार करा. पण एका खेपेला दोन-तीन युनिटं सहज जातात आणि मशीनची किंमत वेगळी. पुण्या-नाशकात उघडीप अधिक मिळते, तिथे मी तो घेतला नसता. सोलापूरला तर प्रश्नच येत नाही.

माझे तीनशे रुपये आता असे जातात: सोडा आणि गरम पाणी मिळून पन्नास-साठ, पंख्याची वीज सव्वाशेच्या आसपास, उरलेल्यातून दोन-तीन महिन्यांनी मशीनचं टब साफ करायची पुडी. मशीनच्या दाराच्या रबरात काळी बुरशी असेल तर बाकीचे सगळे उपाय फुकट. कपडे काढल्यावर दार उघडं ठेवायचं आणि धुतलेले कपडे आत तासन् तास पडू द्यायचे नाहीत. आमच्याकडे हे दुसरं अजून पाळलं जात नाही.

कपाटातल्या डांबरगोळ्यांबद्दल. त्या कसर दूर ठेवतात, ओल नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांना त्यांच्या वाफेनेही रक्ताचा त्रास होऊ शकतो, तेव्हा दुपटी-झबल्यांजवळ त्या अजिबात नकोत. कापूरही मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. कपड्यांत मी वाळ्याची जुडी ठेवते. आणि घडी घालण्याआधी शिवण, खिसा, कॉलर बोटाने चाचपून बघते. तिथे गार लागलं तर कपडा परत दोरीवर, नाहीतर इस्त्रीखाली.