चहा प्यायलेल्या मॅकबुकची नाडीपरीक्षा: टाइप-सी मीटर

चार्जर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये बसणारा बोटाएवढा मीटर. पडद्यावर दोन आकडे, व्होल्ट आणि अँपिअर. पाणी गेलेला मॅकबुक टेबलावर आला की साफसफाईनंतर, मल्टिमीटरच्या आधी हाच लावावा, इतका तो कामाचा आहे. फक्त त्यातल्या आकड्यावरून 'आयसी (चिप) उडाली' असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून जपून राहावं.

परीक्षेला 2016-17 चा दोन पोर्टवाला 13 इंची मॅकबुक प्रो, म्हणजे ए1708 घेऊ. मागचं झाकण काढून आधी बॅटरी सुटी करा आणि डिस्प्ले कनेक्टर भिंगाखाली बघा. बॅकलाइटची 50 व्होल्टच्या घरातली लाइन इथूनच जाते. पिनांमध्ये हिरवट-पांढरा थर साचला असेल तर ते व्होल्टेज शेजारच्या डेटा लाइनवर चढतं, आणि तिथून सरळ सीपीयूत. 'चालू तर करून बघू' या उत्साहात बरेच वाचण्याजोगे बोर्ड भंगारात गेले आहेत. थर दिसला तर डिस्प्लेची केबल काढूनच पुढे जा.

चार्जर 20 व्होल्ट देणाराच हवा. अॅपलचा 61 वॅटचा चार्जर 5.2, 9 आणि 20.3 व्होल्ट देतो. 9 व्होल्टपर्यंतच जाणारा मोबाइलचा चार्जर लावून 'बोर्ड 20 वर जात नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

टाइप-सी प्लग उलटासुलटा कसाही बसतो, पण ओळख पटवणारी सीसी लाइन दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते. म्हणून दोन पोर्ट, प्रत्येकी दोन बाजू, अशी चार वाचनं घ्यायची. प्लग फिरवल्यावर आकडा बदलला तर आधी पोर्टच्या पिना आणि त्यांच्यामागचे बारीक पार्ट साफ करा. इथेच अर्धी डोकेदुखी संपते.

मीटरचा पडदा काळाच राहिला तर मीटर बिघडला असं समजू नका. समोर कुणी आहे हे सीसी लाइनवर कळल्याशिवाय टाइप-सी चार्जर 5 व्होल्टसुद्धा सोडत नाही. म्हणजे एक तर सीसी तुटली आहे, नाही तर व्हीबस, म्हणजे चार्जरची वीज आत आणणारी लाइन, शॉर्ट असल्याने चार्जरने हात आखडता घेतला आहे.

आकडा 5 व्होल्टवर अडकला आणि करंट जवळजवळ शून्य असेल, तर संशय सीडी3215 वर. चार्जरशी बोलणी करणारी आयसी हीच, प्रत्येक पोर्टला एक. पण तिला दोष देण्याआधी तिच्या 3.3, 1.8 आणि 1.1 व्होल्टच्या लाइन मोजा. दुसरीकडे, 5 वर राहून करंट थोडा वर-खाली होत असेल तर बऱ्याचदा आयसी ठणठणीत असते आणि पीपी3व्ही3 जी3एच (बोर्डाची कायम चालू असणारी 3.3 व्होल्टची लाइन) गायब किंवा पीपीबस जी3एच (सगळ्या बोर्डाला वीज पुरवणारी मुख्य लाइन) शॉर्ट असते. हे न तपासता आयसी बदलणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा आळस.

20 व्होल्ट आले पण करंट नाममात्र? मग पीपीबस मोजा. 12 ते 13 व्होल्ट हवेत. तेवढे आहेत आणि तरी चालू होत नाही, तर गोष्ट एसएमसी (वीज सांभाळणारी चिप) आणि त्यापुढच्या लाइनांवर गेली. तिथे या मीटरचं काम संपतं. करंट चढतो, पडतो, पुन्हा चढतो, हे चक्र दिसलं तर चालू होताना जिच्यात वीज येते अशी एखादी लाइन लगेच कोसळते आहे. मात्र मीटरचा आकडा सावकाश हलतो. क्षणभराचा झटका त्यात सापडत नाही, त्याला ऑसिलोस्कोपच लागतो. बॅटरी काढलेली असताना फॅन जोरात फिरला आणि यंत्र रेंगाळलं तर ते स्वाभाविक आहे.

शॉर्ट शोधणं मल्टिमीटर आणि बेंच सप्लायचं (व्होल्ट आणि करंट हवे तसे ठरवता येणाऱ्या वीजपुरवठ्याचं) काम. पीपीबसवर 1 व्होल्टपासून सुरुवात, करंटला मर्यादा, आणि बोर्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) शिंपडून ते कुठे आधी उडतं ते बघायचं. सीपीयूच्या व्हीकोरवर, म्हणजे त्याच्या गाभ्याला वीज देणाऱ्या लाइनवर, रेझिस्टन्स जवळपास शून्य दिसतो, तो शॉर्ट नव्हे.

साफसफाईबद्दल एकच. चहातली साखर आयपीएत विरघळत नाही. नुसत्या आयपीए आणि ब्रशने बोर्ड चकचकीत दिसतो, पण चिपखालचा चिकट थर तसाच राहतो आणि पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक परत येतं. आधी अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या टबमध्ये) पाण्यावर चालणारं क्लीनर, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी पाणी हाकलायला 99 टक्के आयपीए, आणि पूर्ण सुकवणं. हे झाल्याशिवाय मीटर लावलात तर वाचनं थराची मिळतील, बोर्डाची नव्हे.

मीटरला पाचपैकी चार. एक गुण सावकाश आकड्यांसाठी कापला. घेताना 20 व्होल्ट, 5 अँपिअर झेपणारा आणि करंट दशांशानंतर निदान दोन घरं दाखवणारा बघा. ब्लूटूथ आणि ॲपसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. स्वतः दुरुस्ती करायची नसेल तरी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ बोर्ड देताना चारही वाचनं कागदावर लिहून द्या. त्यावर समोरचा पुढचा प्रश्न काय विचारतो, ते ऐका.