हसू कॅमेऱ्यात पकडायचं की फोटोशॉपात आणायचं?

नवा कॅमेरा घेतलेली गावातली पोरं हमखास विचारतात: चेहऱ्यावरचे भाव फोटो काढतानाच बदलवायचे, की नंतर कॉम्प्युटरवर? मी दोन्ही करून बसलोय.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात कॅमेरा दिसला की माणूस टोपी सारखी करतो, हात मांड्यांवर ठेवतो आणि दगड होतो. ‘हसा’ म्हटलं की नुसते ओठ ताणतो. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ सालीच लिहून ठेवलंय, ओठांचे कोपरे ओढणारा स्नायू हुकमावर हलतो. डोळ्याभोवतीचा मात्र खरं हसू आल्याशिवाय सहसा हलत नाही.

फोटोशॉपची गोची तिथंच होते. लिक्विफाय म्हणजे फोटोतला चेहरा ओढून-ताणून बदलायचं त्यातलं साधन. त्यात २०१६ पासून ओठ, डोळे वेगवेगळे हलवता येतात. स्माईलची पट्टी सरकवली की ओठ वर जातात, पण डोळ्यांच्या कडा आपल्या जागी गप्प. माझ्या हातून पट्टी १०-१५ आकड्यापर्यंत खपून जाते, ३० च्या पुढे सोंग दिसतं. २०२० मध्ये फोटोशॉपात आलेला, एआयनं चेहरा बदलणारा न्यूरल फिल्टर तर मिटलेलं तोंड उघडून दात मनानंच बसवतो. एका घरी वारलेल्या आजोबांचा ओळखपत्रावरचा फोटो असाच हसरा करून दिला, हार घालायला. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “हे दात कोनाचे हायेत रे बाबू? समोरचे दोन तं नव्हतेच त्याईले.” पैसे घ्यायची हिंमत झाली नाही.

समोर माणूस असेल तर वेळ द्या. कडुनिंबाच्या सावलीत बसवा. उन्हात डोळे बारीक होतात आणि हसू असो की राग, सगळं सारखंच दिसतं. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवा, म्हणजे हलता चेहरा पुसट येत नाही, कारण माणूस बोलत असतानाच बटण दाबायचंय. कापसाच्या भावाचं विचारलं की कपाळावर आठ्या येतात. नातीचं नाव काढलं की चेहरा सैल होतो. पोटभर हसणं फोटोत बहुतेक वेळा बिघडतं. हसू ओसरतानाचा क्षण धरा, तेव्हा डोळे ओले असतात आणि तोंड मिटत आलेलं असतं. पंधरा मिनिटांत ६०-७० फोटो होतात, कामाचे तीन-चार निघतात. एवढ्यानं मेमरी कार्ड काही झिजत नाही.

घरातल्या बारा जणांच्या फोटोत एकाचे डोळे मिटलेत? मग खुशाल कॉम्प्युटर वापरा, पण त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोतला त्याचाच चेहरा आणून बसवा. कॅमेरा तिपाईवर असेल तर पाच मिनिटांचं काम. पासपोर्टच्या फोटोला यातलं काहीच नको, तिथं साधा चेहरा आणि मिटलेलं तोंडच लागतं.

लग्नाच्या बायोडाटासाठी पोरीचा फोटो असेल तर आईला आधी बाहेर चहा करायला पाठवा. आई समोर उभी असेपर्यंत ती पोरगी हसत नाही.