ब्रिजचा सराव: आधी बोली की आधी डाव?

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात आधी बोली लागते (किती हात जिंकू आणि हुकूम कोणता), मग डाव खेळला जातो. बोलीचा सराव जोडीदाराशिवाय होत नाही. पाने वाटायची, फक्त बोली लावायची, मग दोघांची पाने उघडून बोलायचं: १५ ते १७ गुणांवर (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) एक नो-ट्रंप (हुकमाविना बोली) म्हटलं, समोरून स्टेमन (इस्पिक किंवा बदामाची चार पाने आहेत का, असं विचारणारी बोली) आलं, पुढे काय? डाव खेळायचाच नसल्याने तासाभरात बरीच वाटपं होतात.

डिक्लेररचा (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याचा) सराव एकट्याने, सावकाश. डमी (जोडीदाराची उघडी पाने) उतरला की पहिलं पान टाकण्याआधी खात्रीच्या ट्रिक्स (हात) मोजा. विरोधकांकडे हुकमाची पाच पाने असतील तर ती साधारण ६८ टक्के वेळा ३-२ विभागलेली असतात. साधा फिनेस (विरोधकांचं मोठं पान सोयीच्या बाजूला असेल, या भरवशावर छोट्या पानाने हात घेण्याचा प्रयत्न) ५० टक्केच. बेत इथून ठरतो, आणि आपल्याकडे नसलेली राणी कोणत्या विरोधकाकडे हे पुष्कळदा विरोधकांची बोलीच सांगते.

नवख्यांनी डावापासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. जुन्या जोडीने मात्र बोलीला वेळ द्यावा, विशेषतः स्लॅमच्या (बारा किंवा तेरा हातांच्या) बोलीला.